थंड खोलीतला जप

संध्याकाळ झाली की बंद पडलेल्या फर्निचरच्या शोरूमबाहेर रांग लागायची. रांगेतल्या प्रत्येकाजवळ कॉम्प्युटर. कुणी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला, कुणी सीपीयूचा अख्खा डबा चादरीत बांधून हातगाडीवरून आणलेला. एका आजोबांनी डब्याला उतरतं ऊन लागू नये म्हणून त्यावर छत्री धरली होती आणि स्वतः उन्हात उभे होते. एरवी बँकेच्या रांगेत एकमेकांना कोपराने ढोसणारी हीच माणसं इथे साधं कुजबुजतही नव्हती. मशीनला आवाज सहन होत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

आत परतमहाराज बसायचे. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पुसलेलं परत आणतात म्हणून परतमहाराज. चुकून डिलीट झालेले लग्नाचे फोटो, वर्षभर खपून लिहिलेला प्रबंध, दुकानाचे हिशोब, मेलेल्या माणसांचे आवाज, सगळं ते परत आणत. दिसायला अगदी साधे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरला छोटा माइक, आणि मोठ्या हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा मऊ, हळू आवाज.

"देह म्हणजे स्क्रीन, आत्मा म्हणजे डिस्क," ते म्हणत. "स्क्रीन विझते. डिस्क विझत नाही. तुम्ही म्हणता डिलीट झालं. वर डिलीट नावाचं बटणच नाही. वर फक्त बॅकअप आहे."

लोक माना डोलवत. बॅकअप म्हणजे काय हे त्यांच्यातल्या अर्ध्यांना माहीत नव्हतं, आणि उरलेल्या अर्ध्यांनी तो वेळेवर घेतला असता तर ते त्या रांगेत उभे नसते.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ही कीर्ती कानावर आली तेव्हा मला आधी हसू आलं. पुसलेली फाइल परत आणणं हे काम बरेच रिपेअरवाले करतात. त्यासाठी ते तुमच्याकडून मौन पाळून घेत नाहीत, फार तर चहा मागतात. म्हटलं, करू दे धंदा. माणसांना त्यांचे फोटो तर मिळताहेत. इतपत मी उदार होते.

पण मग ती कानातली गोष्ट माझ्या लक्षात आली.

महाराज भरल्या बैठकीत मशीन परत देताना त्या माणसाला मंचावर जवळ बोलवायचे, माइकवर हात ठेवायचे आणि त्याच्या कानात काहीतरी बोलायचे. एखादंच वाक्य. ते ऐकून माणूस खाली उतरायचा तेव्हा त्याचा चेहरा वेगळा असायचा. काही जण रडायचे. बहुतेक जण गप्प व्हायचे, आणि गप्पच राहायचे.

औषधाच्या दुकानाचे काका घ्या. चिठ्ठीशिवाय डोकेदुखीची गोळी न देणारा आणि देताना दोन विनोद सांगितल्याशिवाय न सोडणारा माणूस. त्यांच्या नातवाचे फोटो महाराजांनी परत आणले. त्यानंतर काका रोज संध्याकाळी दुकान नोकरावर टाकून शोरूमच्या दारात उभे राहू लागले. येणाऱ्याला हात जोडून म्हणत, "मी स्वतः अनुभव घेतलाय. महाराजांना सगळं दिसतं." काका म्हणताहेत म्हणजे खरंच असणार, असं म्हणून लोक आत जात. मी एकदा काकांच्या डोळ्यांत पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्यामागच्या भिंतीकडे बघत ते पाठ केलेलं वाक्य म्हणत होते.

मग आमच्या मुख्याध्यापिकाबाई गेल्या. आठवड्याभरात त्यांनी फर्मान काढलं की शाळेतले सगळे कॉम्प्युटर शुद्धीकरणासाठी महाराजांकडे जाणार. मी विरोध केला, तर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही यात पडू नका. माझ्यासाठी पडू नका." त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

घराघरांतून बोलणं कमी होत चाललं होतं. भाजी घेताना, बसची वाट बघताना माणसं एकमेकांना टाळू लागली होती. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. पण पोलिसांत जाऊन सांगणार काय? की एक माणूस लोकांच्या कानात बोलतो?

त्यातच मी ताईकडे गेले.

ताई माझी थोरली बहीण. घरी कपडे शिवते. वर्षापूर्वी भाऊजी गेले. आजारपणात त्यांना झोप नसायची, म्हणून ते चिमणीसाठी, म्हणजे त्यांच्या मुलीसाठी, गोष्टी सांगून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे. एक पोस्टमन कासव होतं आणि ते सगळी पत्रं उशिरा पोचवायचं, त्याच्याच गोष्टी. भाऊजी गेल्यावर चिमणी रोज झोपताना एक गोष्ट ऐकायची. त्याशिवाय डोळा मिटायची नाही.

आणि ताईला स्वच्छतेचं वेड. घरात कचरा राहता कामा नये. कॉम्प्युटरमधली कचरापेटीसुद्धा ती रोज रिकामी करते, पदार्थ नासतील अशा घाईने. शिवणाच्या नमुन्यांचे जुने फोटो काढून टाकताना तिने भलताच फोल्डर निवडला, पुसला आणि सवयीने कचरापेटीही रिकामी केली. गोष्टी गेल्या. हे तिने मला सांगितलं नव्हतंच. सांगितलं असतं तर तू आधी बोलली असतीस आणि मग मदत केली असतीस, असं ती नंतर म्हणाली. यात तिचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मी गेले तेव्हा शिवणाच्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता. स्पीकरमधून महाराजांचा मऊ आवाज येत होता, "येऊ दे, येऊ दे, गेलेलं येऊ दे." तेच तेच, थांबल्याशिवाय. मशीनसमोर ताई हात जोडून बसली होती. चिमणी दाराशी, पायांची घडी घालून.

"हे काय?"

"हळू बोल. जप चाललाय," ताई म्हणाली. "महाराजांनी पेन ड्राइव्हवर दिलाय. रात्रंदिवस लावून ठेवायचा. जप पुरा झाला की आवाज येईल. थोडा तर आलाच." तिने मला फोनवर ऐकवलं. भाऊजींचं हसणं. दोन श्वासांएवढं, मग शांत. "एवढा त्यांनी खेचून आणला. बाकीचा अजून वाटेत आहे म्हणतात."

चिमणी म्हणाली, "मावशी, मशीन म्हणतं जागा संपली. कालपासून म्हणतंय."

मी वाकून पाहिलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात खरंच ती सूचना होती. सीपीयूवरचा छोटा लाल दिवा लुकलुकत नव्हता, तो सलग जळत होता. दोन ओळींचं गाणं वाजवायला मशीनला इतके कष्ट पडत नाहीत. जपाच्या आडून ते काहीतरी लिहीत होतं, सतत, डिस्कवरच्या प्रत्येक रिकाम्या जागी. मी खाली बसले आणि भिंतीतला प्लग ओढला.

ताईने आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी मारला.

"मला दुसऱ्यांदा विधवा करतेस?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "दुसऱ्याचा हात लागला तर आवाज कायमचा जाईल, असं सांगितलंय त्यांनी."

"ताई, हा जपच तो आवाज पुसतोय."

"त्यांना माझ्या मनातलं माहीत होतं. मी कुणालाही न सांगितलेलं. तुलासुद्धा. तुला काय माहीत आहे?" तिने प्लग परत लावला. तो आवाज पुन्हा सुरू झाला आणि दिवा पुन्हा जळू लागला. चिमणीने कानांवर हात ठेवले.

घरी येताना मी त्या एका वाक्यावर विचार करत होते. कुणालाही न सांगितलेलं त्यांना माहीत होतं. कुणालाही सांगितलेलं नव्हतं, पण ताईने ते कुठेतरी लिहून पुसलेलं असणार, अशी माझी खात्री झाली. आणि ती तर सगळं मशीनच त्यांच्या हवाली करून आली होती.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंसमोर बसले.

"आई, मला तुमचा खून करायचाय."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "एवढ्या वर्षांनी सुचलं? कसा करणार?"

"दुधातून गोळ्या."

"पुळचट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण ठीक आहे. माझ्या गुडघ्यांमुळे जिन्यावरून ढकलणंही तुला जमायचं नाही, मी जिना चढतच नाही."

मी त्यांना बेत सांगितला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी दार लावून रेकॉर्डिंग केलं. रडवेला आवाज काढून म्हटलं, की मी सासूबाईंच्या रात्रीच्या दुधात गोळ्या कालवत राहिले, आता त्या गेल्या, कुणाला संशय नाही. सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "थोडं जास्त रड. माझ्या जाण्याला तेवढं तरी शोभू दे." मग मी ते पुसलं, कचरापेटी रिकामी केली. बरोबर आमच्या लग्नाचे फोटोही पुसले आणि लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून रांगेत जाऊन उभी राहिले. फोटोंची प्रत अर्थात कपाटात होती.

मशीन आत द्यायला मला थंड खोलीच्या दारापर्यंत जाऊ दिलं. मशीनं तिथे निजतात, असं महाराजांच्या टायवाल्या सेवकाने सांगितलं. दार उघडलं तशी बर्फासारखी हवा अंगावर आली. आत दिवा नव्हता. लांबलचक टेबलांवर लोकांची मशीनं पाठी उघड्या टाकून पडली होती, आणि प्रत्येकातून निघालेली वायर एकाच मोठ्या काळ्या पेटीत गेली होती. अंधारात तेवढे हिरवे दिवे लुकलुकत होते. अख्ख्या वस्तीचं खाजगी त्या एका पेटीत जमा होत होतं आणि दारात काका हात जोडून उभे होते. सेवकाने दार लावलं.

पुढच्या बैठकीला माझं नाव पुकारलं. शोरूम भरलेलं होतं. पहिल्या रांगेत ताई, मांडीवर चिमणी. तिने माझ्याकडे पाहून मान वळवली. सासूबाई तिसऱ्या रांगेत खांबाआड, गुडघ्यांवर शाल टाकून.

"लग्नाचे फोटो," महाराज माइकमध्ये म्हणाले. "निघून गेले होते. मी हाक मारली, आले." पडद्यावर आमचे फोटो दिसले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी मला जवळ घेतलं, माइकवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी वाकले.

"दुधात गोळ्या कालवताना हात थरथरला नाही का?"

मला माहीत होतं ते हेच बोलणार. तरीही क्षणभर मला ते खरंच केल्यासारखं वाटलं. ज्यांची गोष्ट खोटी नव्हती त्यांचं या जागी काय झालं असेल, ते मला तेव्हा कळलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "मी आहे ना सांभाळायला. उद्यापासून काकांबरोबर दारात उभ्या राहा. शाळेची मशीनं इथे यायला विरोध करू नका. बस."

मी मागे सरकले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "महाराज मला म्हणताहेत की मी माझ्या सासूला दुधातून गोळ्या देऊन मारलं."

सगळे श्वास एकदम आत ओढले गेले. महाराजांचा हात माइकवरच राहिला. आजवर त्यांच्याकडून ऐकलेलं कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. पण गडी तयारीचा. त्यांनी हात काढला.

"पाहिलंत," ते सगळ्यांना म्हणाले. "पाप स्वतःच्या तोंडाने बाहेर आलं. मी फक्त हात लावला. ती माउली मला आत्ता दिसतेय. तिला शांती नाही. पांढऱ्या कपड्यांत या खोलीतच घुटमळतेय."

"निळ्या," खांबाआडून आवाज आला. सासूबाई काठी टेकत उठल्या. "आज मी निळं घातलंय. आणि घुटमळत नाहीये, गुडघ्यांमुळे सावकाश चालते. दूध मला चालत नाही हो, पोट बिघडतं. मी रात्री काळा चहा घेते."

ओळखीचं कुणीतरी फिसकन हसलं. शेजारचे लोक सासूबाईंकडे आणि महाराजांकडे आळीपाळीने बघू लागले.

"ही गोष्ट मी रचली," मी म्हणाले. "एका फाइलमध्ये बोलले आणि ती पुसली. जगात दुसऱ्या कुणालाही ती माहीत नव्हती, फक्त मला, माझ्या सासूला आणि आता यांना. यांना देवाने सांगितली असती तर देवाने खरं सांगितलं असतं. यांना लॅपटॉपने सांगितली."

मग मी समजावलं. सोप्या शब्दांत, जसं सातवीच्या वर्गाला समजावते. बिल्डिंगच्या खाली नावांची पाटी असते. तुम्ही फाइल पुसता तेव्हा मशीन पाटीवरचं नाव काढतं. खोलीतलं सामान जागच्या जागी असतं. पाटी सोडून थेट खोल्यांत डोकावणारा प्रोग्रॅम असतो, त्याला पुसलेलं सगळं दिसतं. तुम्हाला हवं ते, आणि तुम्ही मुद्दाम पुसलं तेही. महाराज पहिलं तुमच्या हातात देतात आणि दुसरं तुमच्या कानात.

"सामान कधीपर्यंत असतं?" कुणीतरी विचारलं.

"त्या खोलीत नवीन सामान येईपर्यंत. त्याच जागी दुसरं काही लिहिलं की जुनं संपलं. ते मग कुणालाच आणता येत नाही." मी ताईकडे बघायचं टाळत होते. "म्हणून फाइल गेली तर मशीन बंद करून ठेवायचं असतं. महाराजांनी दिलेला जप नेमकं उलटं करतो. वर गाणं वाजतं आणि खाली तो सगळ्या खोल्या भरत सुटतो. यांची स्वतःची प्रत काढून झालेली असते. तुमची नष्ट झाली की तुम्ही दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकत नाही. मग हे तुम्हाला दोन श्वासांएवढं हसू देतात."

ताई उठली होती. चिमणी तिच्या कमरेला धरून उभी होती.

"म्हणजे मी रोज लावत होते ते..."

"हो ताई."

तिने तोंडावर हात ठेवला. मला त्या क्षणी महाराजांचा इतका संताप आला की मी त्यांच्याकडे वळले, आणि खुर्ची रिकामी होती. थंड खोलीच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

थोड्याच वेळात दारापलीकडून तो मऊ, हळू आवाज सुरू झाला. येऊ दे, येऊ दे, गेलेलं येऊ दे.

तो ऐकून सगळे जागीच थिजले. जपाचा अर्थ सांगायला आता माझी गरज नव्हती. स्वतःवर वेळ आली तेव्हा खुद्द महाराजांनी पुरावा पुसायला तोच जप लावला होता, त्या काळ्या पेटीवर.

"दार फोडा," मी म्हणाले. दार लोखंडी होतं. "नाहीतर मेन स्विच. वीज तोडली की थांबेल."

मेन स्विच जिन्याखाली होता. मी तिकडे धावले तर तिथे काका उभे होते. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जण, त्यांत आमच्या मुख्याध्यापिकाबाई. त्यांनी मला हात लावला नाही. फक्त वाटेत उभे राहिले.

"थोडं थांबा," काका म्हणाले. कपाळावर घाम होता. "पुसतोय ना तो. पुसू दे. सगळ्यांचं जाऊ दे एकदाचं. नंतर पोलीस, चौकशी, काय करायचं ते करा."

"काका, पुरावा जाईल. त्याला काही होणार नाही. तो दुसऱ्या गावी हेच दुकान मांडेल."

"जाऊ दे," मागून बाई म्हणाल्या. "जाऊ दे ना."

मी त्यांना ढकलू शकले नसते. ती वाईट माणसं नव्हती, इतके महिने मानेवर पाय ठेवून वागवलेली माणसं होती, आणि सुटका अगदी हातातोंडाशी आली होती. भिंतीपलीकडे जप चाललाच होता. प्रत्येक आवर्तनाला कुणाची तरी काही ना काही वस्तू कायमची जात होती.

ताई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"काका, माझं मी सांगते," ती म्हणाली. "हे आजारी होते तेव्हा एका रात्री मी कॉम्प्युटरवर लिहिलं, की आता हे संपू दे, माझ्याने होत नाही. लिहिलं आणि पुसलं. महाराजांनी ते मला कानात म्हणून दाखवलं. तेव्हापासून मला वाटतंय की माझ्या लिहिण्याने हे गेले." तिने चिमणीला जवळ ओढलं. "आता ते तुम्हा सगळ्यांना कळलं. त्याच्याजवळ माझं लपवण्यासारखं काही उरलं नाही. फक्त माझ्या नवऱ्याचा आवाज आहे तिथे. माझ्याकडचा मी माझ्या हाताने घालवला. तेवढा एकच राहिलाय."

चिमणी काकांकडे टक लावून बघत होती. तिच्या तापाची औषधं ती तान्ही असल्यापासून काकांकडूनच येत होती.

काका तिच्याकडे बघत राहिले. मग ते सावकाश वळले आणि त्यांनी स्विच खाली ओढला.

दिवे गेले, एसीची घरघर गेली आणि जप शब्दाच्या मध्यावर तुटला. अंधारात काका म्हणाले, "मुदत संपलेली औषधं होती. शिक्के बदलून विकली. त्या शिक्क्यांचे नमुन्याला फोटो काढून ठेवले होते, मग पुसले." असं म्हणून ते तिथेच पायरीवर बसले. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी काका स्वतः चौकीत गेले. त्यांना जी शिक्षा व्हायची ती होईल, आणि व्हायलाच हवी. पण त्या संध्याकाळी स्विच त्यांनी ओढला, हेही मी लिहून ठेवते.

पोलिसांनी दार उघडलं तेव्हा महाराज खुर्चीत ताठ बसले होते. म्हणाले, मी तर लोकांची सेवा करतो. चौकशीत निघालं की साहेब आधी एका शहरात डेटा परत मिळवून देण्याच्या दुकानात कामाला होते, गिऱ्हाइकांच्या फाइली चाळतात म्हणून तिथून हाकललेले. चमत्कार म्हणायचा तो एवढाच.

काळी पेटी सरकारी तज्ज्ञांकडे गेली. काय कुणाचं ते मालकालाच दाखवायचं, बाकी कुणी बघायचं नाही, असं ठरलं. जपाने तिचा बराच भाग खाल्ला होता. ताईच्या वाट्याला भाऊजींच्या एवढ्या गोष्टींतून एकच आली, तीही अर्धी. ती ताईने बोलावलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकली, सासूबाईसुद्धा.

तेव्हा माझं सांगणं साधं आहे. महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत ठेवा, आणि ती दुसऱ्या जागी ठेवा. काही चुकून पुसलं गेलं तर मशीन ताबडतोब बंद करा आणि जाणत्या माणसाकडे न्या. त्याने काम तुमच्या डोळ्यांसमोर करावं असा आग्रह धरा. आणि तुमचं हरवलेलं परत देणारा माणूस तुमचं लपवलेलंही सांगू लागला तर हात जोडू नका. त्याला हे कुठून कळलं, असं चार लोकांत, मोठ्याने विचारा. आमच्या इथे हा प्रश्न पहिल्याच माणसाने विचारला असता तर ताईच्या घरी आज सगळ्या गोष्टी असत्या.

त्या अर्ध्या गोष्टीत कासव एकच पत्र घेऊन टेकडी चढतं. पाऊस असतो, पत्र कवचाखाली धरलेलं असतं. भाऊजी मध्ये खोकतात, हसतात, पुढे सांगतात. "आणि मग कासवाने दार वाजवलं, तर आतून..." इथे आवाज संपतो.

ताईने डोळे मिटले. चिमणी थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिनेच सांगितलं, बाबांच्याच संथ सुरात.

"आतून आजी म्हणाल्या, किती उशीर केलास. तर कासव म्हणालं, पण आणलं ना."